एअरब्रशची सुई

आप्पा,

मी कामावर चाललोय. आमटी तेवढी गरम करून घ्या.

आईला जाऊन महिना झाला. तिचा फोटो तुम्ही रंगवणार, म्हणून तुमच्या जुन्या एअरब्रशचा वायसर वडगावातनं आणला, नोझल कोल्हापूरहून. मग सुई हरवली म्हणालात, म्हणून रविवारी सारं मार्केट पालथं घातलं. लई फिरवलंत मला! आज तुमचा निळा शर्ट धुवायला घेतला, तर सुई त्याच्याच खिशात, कागदात गुंडाळलेली.

ती आता तुमच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवलीय. रागावलो न्हाय. फोटो तयार झाला की आक्का सासरहून हार घेऊन येणार, आणि आईच्या फोटोवरचा हार तुम्हाला बघवणार न्हाय, हे मला आत्ता कळलं.

तिचा फोन आला तर सांगा, स्वरूप सुई शोधायला निपाणीला गेलाय. जुन्या ब्रशची सुई लवकर मिळत न्हाय म्हणा.

स्वरूप