पहिल्या घाण्यातलं भजं

४ सप्टें., गुरु.
गुड्डीने आजही भात चिवडला आणि ताट सरकवलं. तिची आई, माझी जाऊ वनिता, तापाने गेली तेव्हापासून हेच. सात वर्षांची पोर, हातातली बांगडी कोपरापर्यंत जाते. पुण्याहून भाऊजींचा, म्हणजे तिच्या बापाचा, फोन. "वहिनी, दिवाळी झाली की मी तिले इकडं आणतो. खात नाही म्हन्ल्यावर तिथं ठेवून काय करू?" बाप दिवसभर कंपनीत, मग पोर कुणाकडे? यांना म्हटलं तर हे म्हणाले, "पोरगी त्याची हाय." माहीत आहे मला. मला मूल झालं नाही हेही माहीत आहे. पण जन्मल्यापासून तिला न्हाऊ मी घातलंय. ती गेली तर या घरात मी काय करू.

६ सप्टें., शनि.
गुड्डी आपणहून बोलली. "मोठीआई, मम्मीची चॉकलेटची भजी कर न."
वनिताचं मोबाईलवरून शिकलेलं खूळ. चॉकलेटच्या वड्या बर्फाच्या खणात दगड करायच्या, मैद्याच्या घट्ट पिठात बुडवून ब्रेडच्या चुऱ्यात लोळवायच्या, कडकडीत तेलात सोडायच्या आणि लगेच काढायच्या. मी नाक मुरडायचे आणि तीन-चार हाणायचे. वनिता एका भज्याचा कोपरा कुरतडून आतलं सगळं चोखून घ्यायची, रिकामं टरफल गुड्डीच्या हातावर ठेवायची. तिने भोकाड पसरलं की मग भरलेलं.
पण घरात तळण बंद आहे. मयत झाल्यावर आमच्याकडे आपण कढई चढवत नाही. दिवाळीला गेलेल्या बाईच्या माहेरची माणसं येऊन पहिला घाणा काढतात. मग घर मोकळं, गेलेलं माणूसही मोकळं. वनिताचं माहेर केनवड. तोवर पोरीने काय खायचं?

९ सप्टें., मंगळ.
शिवलेला ब्लाउज द्यायला भिंतीपलीकडे राबियाभाभीकडे गेले. त्यांचं बांगड्यांचं दुकान, गप्पांना दार सदा उघडं. कढईचं सांगितलं. म्हणाल्या, "आमच्यात त उलटंच हाय, बाई. जुमेरातले, म्हंजे गुरवारी, तेल चढवतेत. रूहा, मेलेल्यायचे आत्मे, येतेत, तेलाचा वास घेतेत आन् पोट भरून जातेत." मी म्हटलं, आमच्यात उपाशी ठेवतात. दोघी हसलो. नंतर घरी येऊन बराच वेळ शिलाईत लक्ष लागलं नाही.

११ सप्टें., गुरु.
चढवली कढई. दिवेलागणीला, हे दुकानात असताना. वास गल्लीत जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली. पहिलं भजं अग्नीचं म्हणून शेगडीजवळ बाजूला ठेवलं, सासूबाईंची रीत. गुड्डीने बाकीची सगळी संपवली आणि वर वरणभात मागितला! देव पावला.
मागचं आवरताना ते बाजूचं भजं उचललं. हलकं लागलं. फोडलं तर आत काही नाही. कुठे चीर नाही, भोक नाही. आतून पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. चॉकलेट फुटलं असतं तर तेल काळं झालं असतं, कढईला करपट चिकटलं असतं. तेल नितळ. वडी घालायची विसरले असेन.

१८ सप्टें., गुरु.
विसरले नव्हते. आज पहिली वडी डोळ्यांनी पाहून बुडवली. भजं पोकळ.
गुड्डीला नवल वाटलं नाही. "मम्मीनं खाल्लं. टरफल मले ठेवलं." खिदळत ते खाल्लं आणि दुसरा हात फ्रीजच्या कोपऱ्याकडे पसरला. तिथे कुणी नाही. मी भरलेलं भजं घाईने त्या हातावर ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१९ सप्टें., शुक्र.
राबियाभाभीला सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "तुमच्यात चालत नाही त माह्यं काहून आयकलं वो? आमच्या रूहा येतेत आन् जातेत. तुमच्यातलं गेलं का नाही, मले काय माहीत?" मग हळूच, "केनवडले सांगा. त्यायची लेक हाय."
हो म्हटलं. सांगितलं नाही अजून.

२५ सप्टें., गुरु.
भाऊजींनी मोबाईलवर पोरीला पाहिलं. "गाल आले वो वहिनी तिले! असंच असन त राहू द्या तुमच्यापाशीच. पाहू." यापुढे केनवडला कोण कशाला सांगेल? पहिलं भजं पोकळ तर पोकळ. एका भज्याने काय होतं.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
दोन पोकळ. लोक सोनं द्यायला येत होते, गुड्डी ओट्यापासून हलेना. हे म्हणाले, "तेलाचा वास येऊन राह्यला काय?" मी म्हटलं, शेजारचा असेल.

९ ऑक्टो., गुरु.
सगळी पोकळ. पूर्ण घाणा. तेल इतकं नितळ की कढईचा तळ दिसत होता.
गुड्डी शाळेत गेली नाही. सकाळपासून फ्रीजला टेकून बसलेली. भरलेलं तिला आता नकोच, टरफलंच खाते. गाल पुन्हा बसलेत, मला दिसत होतं आणि मी पाहत नव्हते. धुरानं डोळे चुरचुरले म्हणून खिडकीकडे गेले तर म्हणाली, "उघडू नोको. मम्मी म्हन्ते, आता थंडी लागते."
आवाज तिचाच होता. मला भीती वाटली. वनिताची नाही, गुड्डीची वाटली, आणि त्याची लाज वाटली.

१० ऑक्टो., शुक्र.
केनवडला फोन केला. वनिताच्या आईला खरं ते सगळं सांगितलं. बाई रागावतील वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. मग विचारलं, "माह्यी वनू भरल्या पोटानं जाते का वं?" मी म्हटलं, तुम्ही या. भाऊबीजेला येतो म्हणाल्या.
भाऊजींनाही कळवलं, पोर खात नाही म्हणून. न्यायला या.

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज
केनवडची आजी आली, वनिताचा भाऊ आला, भाऊजीही. आजीने खिडकी उघडली, मग गॅस पेटवला. वडी बरोबर सोडली. "जाय बाई आता. पोरीची काळजी करू नोको." पहिलं भजं फोडलं. चॉकलेट ओघळून बोटं पोळली त्यांची. भरलेलं होतं. आजी रडल्या, मीही रडले.
गुड्डी रडली नाही. फ्रीजच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि आपली चप्पल शोधायला गेली.

२६ ऑक्टो., रवि.
गेली पुण्याला. गाडीत बसताना हात हलवला. तिची बाहुली राहिली इथे, मी मुद्दाम आठवण केली नाही.

३० ऑक्टो., गुरु.
आता घर मोकळं, तळायला कुणाची हरकत नाही. केली भजी. पहिलं फोडलं, भरलेलं. दुसरंही. सगळी फोडली. सगळी भरलेली. हे म्हणाले, "एवढी कोनासाठी केली?" राबियाभाभीकडे दिली.

६ नोव्हें., गुरु.
गुड्डीचा फोन. दिवसभर सांभाळणाऱ्या बाई चांगल्या आहेत, बाप वेळेवर येतो, घरात तळण वगैरे काही नाही, जेवण डब्याचं. बरं वाटलं. मग म्हणाली, "मोठीआई, पप्पानं चॉकलेट भरलेला पाव आणला. फोडला त आतमंदी काहीच नाही. पप्पा दुकानवाल्यासंग भांडून आले."
मग त्या पावाचं काय केलं, मी विचारलं.
"म्या टरफल खाल्लं. पप्पाले सांगू का?"
मागे भाऊजी कुणाशी तरी बोलत होते, भांड्यांचा आवाज. मी विचारलं, खिडकी उघडी आहे का गं? म्हणाली, "नाही. थंडी लागते."
बापाला सांगते, फोन त्याच्याकडे दे म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण विचारलं दुसरंच. मम्मी माझं नाव काढते का कधी? बोलून गेले.
ती थांबली, कुणाला तरी विचारावं तशी. मग म्हणाली, "मोठीआई, मम्मी म्हन्ते, तू पन ये."
हे दुकानातून यायचे आहेत. एस.टी. सकाळची आहे. बाहुली पिशवीत घातली आहे, वड्या बर्फाच्या खणात ठेवल्या आहेत. जायचं की केनवडला परत फोन करायचा, अजून ठरत नाही.