तुम्ही कापून ठेवलेला तुकडा

बाई, तुम्हाला मराठी येत नव्हतं. डोंबिवलीत राहून तुम्ही तीन शब्द शिकलात, 'बस', 'परत' आणि 'पुढे', आणि शूटिंगच्या वेळी 'परत' इतक्या जोरात म्हणायचात की समोरच्या बिल्डिंगमधली मुलं तुमची नक्कल करायची. तरी हे मराठीतच लिहितेय. जर्मनमध्ये लिहायला बसलं की मी पुन्हा तुमची दुभाषी होते, आणि आज मला माझं काहीतरी सांगायचंय.

गेल्या महिन्यात व्हिएन्नाहून एका तरुण बाईचा व्हिडिओ कॉल आला. जुन्या फिल्म जपणाऱ्या तिथल्या एका संस्थेत ती काम करते. तुमचे सिनेमे दुरुस्त करून पुन्हा दाखवायचं त्यांनी ठरवलंय. तुमचं नाव काढलं की ज्यांना जांभया यायच्या, त्यांच्या खुर्च्यांवर आता या मुली बसल्यात. तुमच्या भाच्यानं तळघरातले डबे त्यांना दिले. त्यातल्या एकात आपल्या डोंबिवलीच्या फिल्ममधून कापलेला एक तुकडा निघाला, आणि त्याची आवाजाची टेप. टेपवर एक बाई मराठीत बोलते, आणि ती थांबली की एक मुलगी तेच जर्मनमध्ये सांगते. "या तुम्हीच का?" असं विचारून तिनं टेप लावली. माझाच आवाज. थरथरत होता, पण थांबत नव्हता. "मला रक्त जात होतं आणि मी उभीच होते," असं मी म्हणत होते. त्या वाक्यातली 'मी' म्हणजे मी नव्हे, हे मी तिला समजावलं. मग नेटवर्कचं कारण सांगून मी कॅमेरा बंद केला.

तुम्ही आलात तेव्हा मी नुकतीच दादरच्या क्लासमधून जर्मनची परीक्षा पास झालेले. क्लासच्या सरांनी तुम्हाला माझं नाव सुचवलं. ऑस्ट्रियाच्या एक बाई, सिनेमे करतात, बायकांच्या हक्कांसाठी भांडतात, एवढंच मला माहीत होतं. आईला वाटलं कुणी मिशनरी असणार. तुम्हाला डोंबिवलीजवळ मानपाड्याच्या बाजूला कारखान्यांत पॅकिंग करणाऱ्या बायकांवर फिल्म करायची होती. ठाण्यात हॉटेल घेतलं होतंत, पण दोनच दिवसांत ते सोडून बॅग घेऊन डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत राहायला आलात. इतक्या लांब राहून त्या बायका मला काही सांगणार नाहीत, असं म्हणालात. बाबांनी खाट तुम्हाला दिली आणि स्वतः गॅलरीत झोपायला लागले. आई भांडी जरा जोरात ठेवायला लागली.

ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आई ओट्यापाशी उभी आहे, तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभ्या आहात, मी मध्ये. तुम्ही विचारताय की आईला एक अख्खा दिवस स्वतःसाठी मिळाला तर ती काय करेल. मी विचारते. आई म्हणते, हिला सांग, असले दिवस नसतात. मग पोळ्या होतात, जेवणं होतात, भांडी होतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता ती म्हणते, "दुसऱ्या कुणीतरी केलेलं बसून जेवायचंय मला." मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही हसला नाहीत. त्या संध्याकाळी आईला बाहेर बसवून तुम्ही बटाटे उकडलेत आणि व्हिनेगर घालून त्यांचं काहीतरी आंबट, गार असं केलंत. आईनं ते पाटावर बसून, पदर सावरून, शेवटपर्यंत खाल्लं. सकाळी उरलेल्याला तिनं मोहरी-मिरचीची फोडणी दिली आणि तुम्हाला खायला घातलं. त्यानंतर भांड्यांचा आवाज कमी झाला.

तुम्ही मला एकदाच रागावलात. पहिल्याच आठवड्यात. एक बाई सांगत होती आणि मी तुम्हाला म्हणत होते, 'ती म्हणते की तिचे पाय सुजतात, ती म्हणते की सुपरवायझर बसू देत नाही.' तुम्ही कॅमेरा थांबवायला लावलात. सगळ्यांसमोर मला म्हणालात, "ती म्हणते, ती म्हणते करू नकोस. मी म्हण. माझे पाय सुजतात, असं म्हण. तिच्यापासून लांब उभी राहून तुला तिचं बोलणं सांगता येणार नाही." मला रडू आलं, पण मी 'मी' म्हणायला लागले. आधी जीभ अडखळायची. मग सवय झाली. लग्न न झालेली, घराबाहेर रात्र न काढलेली मी, दिवसभर दुसऱ्या बायकांची दुखणी 'मी' म्हणून बोलायचे आणि घरी येऊन आईशी एक अक्षर बोलायचे नाही.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही तुमचं सांगायचात. तुमची आई डोंगरातल्या एका हॉटेलात चादरी धुवायची. तुम्हाला कॅमेरा शिकायचा होता, पण फिल्मच्या शाळेतले मास्तर म्हणाले, बायकांनी एडिटिंग शिकावं, ते शिवणकामासारखं असतं. म्हणून तुम्ही दुसऱ्यांचे सिनेमे जोडायला लागलात. टेबलावर फिल्म पुढेमागे करताना तुमच्या लक्षात आलं की बाई बोलायला तोंड उघडते आणि नेमका तेव्हाच शॉट बदलतो. तुमच्या पहिल्या सिनेमात तुम्ही उलट केलंत. बाईचं बोलून झाल्यावरही कॅमेरा तिच्यावरच ठेवलात. लोकांनी त्याला कंटाळवाणं म्हटलं. मग तुम्ही बायका गोळा केल्यात, संघटना काढलीत, सरकार सिनेमाला जे पैसे देतं त्यातला अर्धा वाटा बायकांना हवा म्हणून रस्त्यावर उभ्या राहिलात. नंतरच्या सिनेमाला पैसे मिळायला किती वर्षं लागली ते सांगताना तुम्ही डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवलीत आणि विषय बदललात.

आणि ती टेपवरची बाई. आगरी, मानपाड्याजवळच्याच गावातली. सासरच्या भातशेतीवर कारखाने उभे राहिले आणि त्यातल्याच एकात ती औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पण मी तिला मावशी म्हणायचे, कारण सगळ्याच म्हणायच्या. शूटिंगच्या शेवटच्या दिवसांत, विहिरीच्या कठड्यावर बसून, तुम्ही एकदाच विचारल्यावर तिनं सांगितलं. तिचं पहिलं मूल कामावर असतानाच पोटातून गेलं. कळ आली, रक्त जायला लागलं, सुट्टी मागायची लाज वाटली, म्हणून ती शिफ्ट संपेपर्यंत उभीच राहिली. घरी नवऱ्याला नाही, सासूला नाही, कुणालाच सांगितलं नाही. नदीवर जाऊन लुगडं धुतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेली. ती शांतपणे बोलत होती. मी 'मी' म्हणत होते. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही कॅमेरावाल्याला हातानं खुणावत होतात, थांबू नकोस.

तुम्ही आधी गेलात आणि फिल्म जोडायला मदत म्हणून मला मागाहून व्हिएन्नाला बोलावलंत. मी निघायच्या आदल्या संध्याकाळी मावशी आमच्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. चप्पल पायातच ठेवून म्हणाली, "मी बोलले ते खरं हाय गो. पन ते लोकांना नको दाखवू. माझं हाय ते. बाईंना सांगशील ना?" मी सांगेन म्हटलं. आई घरात नव्हती, बाबा कामावर होते. आम्ही दोघीच.

मी विमानतळावरून तुमच्या घरी पोचले आणि कोट काढायच्या आधी तुम्हाला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो तुकडा कापून एका डब्यात ठेवलात. त्या हिवाळ्यात तुम्ही मला पांढरे सुती हातमोजे दिलेत, फिल्मला बोटांचे डाग पडू नयेत म्हणून एडिटर घालतात ते, आणि फिल्म कापायला-जोडायला शिकवलंत. दिवसा टेबलावर काम, संध्याकाळी तुमच्या संघटनेच्या बैठका. एका थंड हॉलमध्ये कोट घालून बसलेल्या बायका आपापसांत भांडायच्या आणि शेवटी एकत्र उठून घोषणांचे फलक रंगवायच्या. मीही रंगवले. शब्द कळायचे, थंडी कळायची नाही, बर्फात हात बाहेर ठेवून मी फलक धरला होता. मग फिल्मला पैसे देणारा टीव्हीचा माणूस कच्ची फिल्म बघायला आला. विहिरीचा प्रसंग त्यानं आधी पाहिलेला होता, तो आता नाही म्हटल्यावर त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. फिल्ममध्ये तेवढंच काय ते आहे, तेच काढून टाकलंत तर आम्ही दाखवायचं काय, असं तो म्हणाला. तिचा चेहरा झाकू, आवाज बदलू, तिच्या गावात कोण ऑस्ट्रियाचा टीव्ही बघणार आहे? तुमच्या बैठकीतल्या बायकाही तेच म्हणाल्या. बायकांना बोलतं करायला आपण लढतो, आणि बोलली तीच बाई तुम्ही कापताय. तुम्ही एवढंच म्हणालात, "ती नाही म्हणाली आहे."

फिल्म दाखवली गेली नाही. टीव्हीनं तुम्हाला पुन्हा काम दिलं नाही, आणि बैठकीतल्या दोघी-तिघी तुमच्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्यानंतर तुम्ही एकच सिनेमा करू शकलात, तोही छोटा. मी इकडे परत आले, मुंबईत एडिटर झाले, टीव्हीच्या मालिका कापल्या, बाई एडिटरला रात्री घरी सोडायला गाडी हवी म्हणून कंपन्यांच्या साहेबांशी भांडले. तेव्हा तुमचाच आवाज काढायचे. तुम्ही गेल्याचं मला कुणाकडून तरी फार उशिरा कळलं. आता मी मानपाड्याला राहते. आई-बाबा केव्हाच गेले. ऑस्ट्रियात आणि जर्मनीत नोकरीला निघालेल्या नर्सेसना ऑनलाइन जर्मन शिकवते. त्या मुली चुणचुणीत आहेत. क्लास संपला की सगळ्यांचे चौकोन एकेक करून विझतात आणि शेवटी माझाच चेहरा स्क्रीनवर उरतो.

व्हिएन्नाच्या त्या मुलीला मी सांगितलं की मावशी हो म्हणाली तरच तो तुकडा दाखवता येईल. तिनं लगेच मान्य केलं. तिला ते तुमच्याकडूनच आल्यासारखं वाटलं असावं. मावशीच्या गावातल्या लोकांनी सांगितलं, ती आता आंबिवलीला मुलाकडे असते. मी गेले. दार सुनेनं उघडलं. मावशी खुर्चीत बसलेली, केस पार पांढरे, एका कानानं कमी ऐकते. मला ओळखलं नाही, पण तुम्हाला ओळखलं. "ती गोरी बाई? बिड्या ओढनारी?" नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. मी मोबाइलवर टेप लावून तिच्या चांगल्या कानापाशी धरली. ती पूर्ण ऐकत राहिली. आत कुकरची शिट्टी होत होती. मग सुनेनं गॅस बंद केला आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत," सून म्हणाली.

"कोनी विचारलंच नाय," मावशी म्हणाली. "तिनं विचारलं."

सून खाली तिच्या पायांशी बसली. थोड्या वेळानं मी विचारलं, हे दाखवायला चालेल का. मावशी, तुम्ही तेव्हा नको म्हणाला होतात, म्हणून बाईंनी ते कापलं होतं. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू माझंच काहीतरी चुकतंय. "मी नको बोलले? नाय गो. मी कशाला नको बोलीन? मना वाटलं, दाखवला असंल तिकडं तेव्हाच." मी म्हटलं, मावशी, तुम्ही आमच्या दारात आला होतात. तिला दार आठवेना, आमचं घर आठवेना. बाटल्या आठवत होत्या, विहीर आठवत होती, आणि बाई, तुम्ही रडलात ते आठवत होतं. "दाखवा," ती म्हणाली. "ही पोरगी पन बघंल." सुनेनं पापलेट तळून वाढलं. मावशी मला आग्रह करत राहिली आणि मी काटे वेगळे करत राहिले.

परतताना वाटलं, तुम्हाला हे कसं सांगू? ज्या 'नको' या एका शब्दासाठी तुम्ही सगळं घालवलंत, तो जिनं उच्चारला तिच्याकडे आता नाही. तुमच्याकडे होता, पण आता तुम्ही नाही. म्हणजे ती दारातली संध्याकाळ आता माझ्या एकटीकडे आहे, आणि मी चुकीचं ऐकलं का, असं विचारायलाही कुणी नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, त्या दिवशी ती नाही म्हणाली, म्हणजे त्या दिवशी ते नाहीच होतं. हे तुमचं वाक्य आहे की माझं, तेही आता मला धड सांगता येत नाही.

व्हिएन्नाच्या मुलीला आता फक्त त्या तुकड्याचं लेखी भाषांतर हवंय, पडद्यावर खाली लिहायला. ते मी केव्हाच केलंय. प्रत्येक वाक्यात 'मी' आहे. ती दर दोन-चार दिवसांनी फोन करते, झालं का विचारते, आणि मग तुमच्याबद्दल बोलत बसते. तुम्ही काय खायचात, तुम्हाला राग कसा यायचा, हसताना तोंडावर हात ठेवायचात का. मी तिला सांगते, अजून एक-दोन शब्द अडलेत. खरं तर एकही अडलेला नाही. पण ते पाठवलं की बाई, तुमच्याबद्दल मला विचारणारं कुणी राहणार नाही.