माया आतल्या बाजूला

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, वय वर्षे एकाहत्तर, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, सुई मला अजून चष्म्याशिवाय ओवता येते आणि हे लिहायला मला कोणीही भरीस घातलेले नाही. चार दिवसांपासून दुकान मात्र बंद आहे. ते आजारपणामुळे नव्हे. कारण कलम दोनपासून पुढे येईल.

कलम १. याआधी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात राहते घर थोरल्याला, म्हणजे मुलाला, आणि वरचा मजला धाकटीला, म्हणजे मुलीला दिला होता. वकील तेव्हाच म्हणाले होते, "मास्तर, पण वरचा मजला आहे कुठे?" मी म्हणालो, "होईल की! सळया सोडून ठेवल्यात." अठ्ठावीस वर्षांपूर्वी घर बांधतानाच मी पुढचा विचार केला होता. वाढत्या पोराचा कपडा शिवताना आम्ही शिवणीत जास्तीचे कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. पोर वाढले की शिवण उसवायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. तशीच घराला माया म्हणून नऊ कॉलमच्या छत्तीस सळया गच्चीवर हातभर उभ्या ठेवल्या. गंज चढू नये म्हणून दरवर्षी त्यांना स्वतःच्या हाताने रंग लावला. अठ्ठावीस वर्षे!

कलम २. धाकटीचा संसार मोडला. सहा महिन्यांपूर्वी ती पाच वर्षांच्या लेकीला घेऊन परत आली, आणि तेव्हापासून दोघी माझ्या कापायच्या टेबलाशेजारी अंथरूण घालतात. मी म्हटले, रडतेस कशाला, तुझा मजला वर वाट बघतोय. गेल्या शनिवारी इंजिनिअर बाईंना बोलावले. बाईंनी गच्चीवर एक सळई धरून हलवली, आणि मुळा उपटावा तशी ती त्यांच्या हातात आली. टोकाला चार बोटे सिमेंटचा गोळा. दुसरीही आली. तिसरी मी स्वतः उपटली.

"काका, ह्या खालून आलेल्याच नाहीत. नुसत्या रोवल्यात. पायाही एकाच मजल्याचा असणार."

लोकांच्या पायाखालची जमीन सरकते, माझा डोक्यावरचा मजला सरकला. धाकटी जिन्यात उभी होती. म्हणाली, "असू द्या बाबा. बघते मी कुठेतरी खोली."

कलम ३. घर बांधणाऱ्या गवंड्याला बोलावून घेतले आणि "अरे मेल्या, घात केलास!" म्हणत त्याच्या अंगावर गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, वहिनींनी शपथ घातली होती."

वहिनी म्हणजे माझी बायको! मी दिवसभर दुकानात, आणि ही बांधकामावर भिंतींना पाणी मारायला. कट तिथेच शिजला. ही भाजी निवडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "हो. मीच सांगितलं होतं." त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मी असा कधी चाट पडलो नव्हतो. तिचे पुढचे बोलणे जसेच्या तसे नोंदवून ठेवतो, कारण ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

"पाया खणताना तुम्ही काय म्हणालात, आठवतंय? म्हणालात, खालचं घर पोराचं, वर पोराची पोरं. पोरगी काय, आज ना उद्या जायचीच. ती सात वर्षांची होती, तिथेच वाळूच्या ढिगावर बसून ऐकत होती. मी तेव्हाच ओळखलं, हिला द्यायची वेळ आली तर तुम्ही हवेतला मजला द्याल. दिलात की नाही?"

दिला होता. स्टॅम्पपेपरवर.

"वर चढवायला काही उरलंच नाही, तर आहे ते दोघांत वाटावं लागेल. म्हणून सळया खोट्या. आणि शिंप्याच्या बायकोला एवढं कळतं, माया आतल्या बाजूला ठेवायची असते. उठा, मागच्या खोलीतलं कपाट सरकवा."

कलम ४. ते कपाट हिने कधी कोणाला हलवू दिले नव्हते. मागे गवंड्याने हातोडा घातला. गिलावा पडला, आणि आत विटांनी बुजवलेले अख्खे दार निघाले, वर पक्की तुळई घातलेले. शेजारी टोपण लावलेला पाण्याचा नळ. टोपण काढले तर आधी लाल पाणी आले, मग स्वच्छ. विटा निघाल्यावर नातीने पलीकडे डोके काढले आणि ओरडली, "आई, रस्ता!"

सबब माझ्या पश्चात घराचे दोन सारखे भाग व्हावेत. पुढचा थोरल्याला, मागचा धाकटीला, या दारासकट आणि नळासकट. थोरला म्हणतो, "बाबा, घर तर माझं ठरलं होतं." बाळा, ठरवले मीच होते, आणि तुझ्या समोर ठरवले, ही चूक माझी. तुला राग आला तर माझ्यावर काढ. बहिणीच्या दारात गाडी लावायची नाही.

कलम ५. शिवणयंत्र, कापायचे टेबल आणि मोठी कात्री धाकटीला. ती माझ्याहून सरळ शिवते, हे मी तिला कधी सांगितले नाही. सगळ्या सळया शेजारच्या न्हाव्याला. "मास्तर, घराचे केस फार वाढलेत, कापून देऊ का?" असे तो इतकी वर्षे विचारत आला. घे म्हणावे.

कलम ६. बायको हयात असेपर्यंत दोन्ही भाग तिचे. कोणत्या दाराने यायचे-जायचे ते तिचे ती बघेल.

कलम ७. या घराचा आराखडा मी काढला, असे मी गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना आणि स्वतःला जन्मभर सांगत आलो. ते विधान मी या कलमाने मागे घेतो.

लिहून ठेवणार: शिंपी (सही)

साक्षीदार १: गवंडी. याला माझा जुना टेप द्यायचा होता, पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही म्हणे. तेव्हा काही देत नाही, सही कर. (सही)

साक्षीदार २: डॉक्टरीणबाई. तपासले. जबर धक्का बसला आहे, पण पूर्ण शुद्धीवर आहेत. (सही)

दिनांक: दार सापडल्याचा चौथा दिवस, बुधवार.

स्थळ: मागची खोली, आजपासून धाकटीची पुढची खोली.