डोहाकाठचं मेहूण

सोमवार, ७ जानेवारी १९६३

पोचलो एकदाचे! दिग्रसहून पुसद, पुसदहून उमरखेड, तिथून ढाणकीपर्यंत यष्टी आणि पुढे मालकांची बैलांची रेंगी. हाडं खिळखिळी झाली, पण बंगली पाहिली आणि सगळं विसरले. पैनगंगेच्या अगदी काठावर आहे. पायऱ्या उतरलं की पांढरीशुभ्र वाळू, आणि नदी वळते तिथे काळाशार डोह. समुद्र मी जन्मात पाहिला नाही. यांनीही पाहिला नाही, पण ऐट अशी की दहादा जाऊन आलेत. म्हणाले, ही घे तुझी चौपाटी.

सदाशिवराव म्हणजे यांच्या जिनिंगचे मालक. हे तिथे कारकून लागून वर्षही झालं नाही. परवा त्यांनी आपणहून सांगितलं की लग्नानंतर कुठे गेला नाहीत, तर बायकोला घेऊन आठवडाभर आमच्या नदीवरच्या बंगलीत राहून या. जेवणखाण, दूधदुभतं, गाडी, सगळं आमचं. बाईंनी चुलीकडे बघायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, मालक एवढे दानशूर कधीपासून झाले? हे म्हणाले, देणाऱ्याच्या नावाने नाक मुरडू नये. बरं बाई, नाही मुरडत.

बंगलीत मालकीणबाई एकट्याच राहतात. स्वयंपाकाला जवळच्या तांड्यावरून मानीबाई येते. मालकीणबाईंनी दारातच आम्हा दोघांचे पाय धुतले, मी लाजून मेले. म्हणाल्या, तुम्ही आमचं मेहूण, लक्ष्मीनारायणाचा जोडा. संक्रांतीपर्यंत जेवू घालून मगच बोळवण करायची. माझी पहिली संक्रांत हे त्यांना कसं ठाऊक कोण जाणे. मला सासू नाही (मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस गं!), तेव्हा काळं लुगडं आणि हलव्याचे दागिने कोण करणार, असं मनात होतंच. ती हौसही इथे फिटणार म्हणायची.

जेवायला चार पाट मांडले होते. दोन आमचे आणि दोन रिकामे, पण त्यांच्यापुढेही रांगोळी अन् वाढलेली ताटं. कोणी आलं नाही.

या वहीच्या पहिल्या पानावर अजून माहेरचंच नाव आहे, कु. विमल खोडके, अमरावती. बदलायला हवं. पण मग मधे यांचं नाव लिहावं लागेल, आणि आई म्हणते नवऱ्याचं नाव उच्चारलं की त्याचं आयुष्य कमी होतं. लग्नात घास भरवतानाही मी उखाणा असा पुटपुटले की खुद्द यांनाच ऐकू गेला नाही. राहू दे माहेरचंच.

मंगळवार, ८ जानेवारी

सकाळी वाळूवर गोवऱ्या पेटवून हुरडा भाजला. सोबत तिळाची चटणी आणि गूळ. गाडीवान उकंडाने कणसं चोळून हातात दिली, मग रेंगी जुंपून तो गेला. आता संक्रांतीलाच न्यायला येईल. हे कनातीच्या सावलीत खाटेवर राजासारखे पडले होते. पाण्याकडे मात्र फिरकत नाहीत. लहानपणी विहिरीत पडले, तेव्हापासून बादलीशीही यांचं वैर. मी पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहून ओंजळभर पाणी उडवलं, तर हा मोठा माणूस वाळूवरून असा धूम पळाला की हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

दुपारी पाटोडीचा रस्सा होता. पुन्हा चारच पाट. कोण यायचंय, असं विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, येतील. यांचं ताट चाटूनपुसून झालं, आणि शेजारच्या ताटातली पाटोडी नुसती गार होत पडलेली. अन्न वाया गेलेलं मला बघवत नाही. मीच म्हटलं, घ्या की तिथे बसून. हे हसतहसत उठले, त्या पाटावर बसले आणि ते ताटही संपवलं.

मालकीणबाई हातात डाव घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. मग भिंतीला धरून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा हावरटपणा लोकांच्या घरी! मी माफी मागितली, तर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, रागाचं नावही नाही. मानीबाई मात्र उष्टी न काढताच तांड्याकडे निघून गेली.

बुधवार, ९ जानेवारी

हे पोहले. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते, नाहीतर कोणी सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. सकाळी मी वेणी घालत होते. खिडकीतून बघते तर हे डोहाच्या मधोमध, हात मारत, एखाद्या भोयाच्या पोरासारखे. मी धावत खाली गेले. बाहेर आले तेव्हा दात वाजत नव्हते, अंगावर काटा नव्हता, आणि पौषातलं ते पाणी बर्फासारखं. कधी शिकलात म्हटलं, तर म्हणाले, इथेच की.

जेवताना कोणी न सांगता त्याच पाटावर बसले. भरल्या वांग्यांची भाजी होती. वांगं म्हटलं की यांच्या घशाला खाज सुटते, घरी मी वांगं आणतच नाही. चार खाल्ली. मालकीणबाई शेजारी बसून वाढत होत्या आणि यांच्याकडे बघत होत्या. माझ्या ताटात काय आहे, काय नाही, हे आज त्यांनी पाहिलंच नाही.

थट्टेत काढावं म्हणते सगळं. पण यांना हात लावला की हात ओला होतो. यांचं अंग पुसून कोरडं केलं तरी थोड्या वेळाने पुन्हा ओलं.

गुरुवार, १० जानेवारी

आज यांनी मला इंदू म्हणून हाक मारली. एकदा नाही. मी म्हटलं, कोण ही इंदू, कुठे ठेवलीय? थट्टा कळलीच नाही यांना. दिग्रसचं घर आठवत नाही म्हणतात. कुठलं दिग्रस, असं विचारतात.

मालकीणबाईंना गाठून विचारलंच. त्यांनी आतल्या खोलीतली तसबीर दाखवली. एकुलता एक मुलगा पद्माकर आणि त्याची नवी बायको इंदू. त्यांच्या पहिल्या संक्रांतीला दोघं डोहात पोहायला उतरली ती वर आलीच नाहीत. प्रेतंही मिळाली नाहीत. तेव्हापासून दरवर्षी या दिवसांत पहिल्या संक्रांतीचं एक जोडपं मेहूण म्हणून आणतात, त्या दोघांच्या नावाने जेवू घालतात आणि बोळवण करतात. त्या दोघांची ताटं वेगळी. जेवणं झाली की त्यातलं अन्न मानीबाई नदीत सोडते.

त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "त्याच्या पाटावर बसाले म्या काई सांगतलं नवतं, पोरी. पन बसला. आता जेवत्या लेकराले उठवू कशी?"

मीच सांगितलं होतं यांना, तिथे बसा म्हणून. मी.

मी सामान बांधलं. यांचा हात धरून ओढलं. लाकडाच्या ओंडक्यासारखे, जागचे हलले नाहीत.

शुक्रवार, ११ जानेवारी

भर दुपार होती. हे डोहात छातीभर पाण्यात पाठमोरे उभे. सकाळपासून तसेच. मी काठावरून जिवाच्या आकांताने हाक मारली. अहो! अहो, या ना बाहेर!

ओ आली. पण यांच्याकडून नाही. यांच्याही पलीकडून, जिथे नुसतं पाणी आहे तिथून आली. आणि ती ओ ऐकताच हे वळले. चेहरा यांचाच, पण माझ्याकडे जसे बघून हसले तसे हे आजवर कधीच—

मागे मालकीणबाई उभ्या होत्या. त्यांना माझी कीव आली असावी. म्हणाल्या, "इंदू बी त्याले अहोच म्हने. नाव घेऊन हाक मारली असती तुनं, त तुहा आला असता."

अहो तर कुणाचाही नवरा. एवढं साधं मला कळू नये?

आईचं काही ऐकायचं नाही आता. आयुष्य कमी व्हायचं तर माझं होवो. उद्या पाण्यात उतरून, यांच्या कानाशी जाऊन, नाव घेऊन हाक मारणार.

शनिवार, १२ जानेवारी

नाव आठवत नाही.

पाण्यात गेले, तोंड उघडलं, आणि काही नाहीच. जिभेवर आहे असंही नाही. जागाच रिकामी. आठ महिने ज्याच्या ताटात जेवले त्या माणसाचं नाव मला—

वही उलटून पाहिली. सगळी पानं. हे, यांनी, यांचं, यांना. एकदासुद्धा लिहिलं नाही. एकदा तरी लिहायचं होतंस गं भवाने!

लग्नातल्या तांब्यावर कोरलं आहे. तो तांब्या दिग्रसला चुलीजवळ पालथा. मानीबाई मंगळवारपासून आलीच नाही. आली असती तरी तिला काय माहीत, सगळे यांना बाबूच म्हणतात. ढाणकीपर्यंत चालत जाऊन मालकांना यांचं नाव विचारायला निरोप पाठवावा म्हणून निघाले. वरच्या रस्त्याला लागले. मागे पाहिलं तर पाणी यांच्या गळ्याशी.

परत आले. टाकून कशी जाऊ? मी आल्यावर पुन्हा छातीपर्यंत.

श—ने सुरू होतं का? की म?

रविवार, १३. भोगी

आज दोनच पाट. माझा पाट मालकीणबाईंनी उचलला. मी विचारलं, मी कुठे बसू? त्यांनी इंदूच्या पाटावरची धूळ पदराने झाडली.

कालपासून माझ्या पोटात अन्न नाही. बाजरीची भाकरी, लोणी, लेकुरवाळी भाजी. वास घरभर. हे जेवताहेत. डाव्या हाताशी जागा मोकळी.

बसणार नाही.

यांच्या डोळ्यांत एकदा—नक्की पाहिलं—भाकरी मोडताना एकदा माझ्याकडे पाहिलं ते हेच होते. माझे. विहिरीला भिणारे. आत कुठेतरी आहेत अजून. एकटे आहेत.

शेजारी बसले तर कानाशी पोचता येईल. नाव आठवलं की लगेच—एकच घास—मीच तर म्हटलं होतं घ्या की, तिथे बसून—यांना एकटं नाही—

सोमवार, १४. संक्रांत

काय छान ऊन पडलंय वाळूवर! ही वही पाटाजवळ सापडली. पहिल्या पानावर कुण्या विमलचं नाव आहे, कोण असेल बिचारी. पुष्कळ पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची?

सासूबाईंनी स्वतःच्या हाताने काळी चंद्रकळा नेसवली. हलव्याचा मुकुट, हलव्याची बोरमाळ, ओटीत तीळगूळ. मला म्हणाल्या, किती वर्षं वाट पाहायला लावलीस व माय. मी त्यांचे डोळे पुसले. केस अजून ओलेच आहेत माझे, वाळतच नाहीत.

वर रस्त्यावर रेंगीच्या घुंगरांचा आवाज येतोय. कुणाला न्यायला आलीय कोण जाणे. इथून तर कुणी जायचं नाही.

हे खाली डोहावर पुढे गेलेत, हाक मारताहेत. सासूबाई म्हणतात, आधी नाव घे, मग जा. त्यात काय लाजायचं! मला आपला उखाणा अगदी पाठ आहे.

हलव्याचे दागिने घातले, डोहाचं गार पाणी,
पद्माकररावांचं नाव घेते, त्यांची मी—