पेटी पुन्हा पांढरी पडली

उचगाव,
१४ जुलै १९९८

ती. आक्काताईस,
प्रसेनजीतचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दाजींना आणि पोरांना जयभीम सांग. तुमच्या राधानगरीला पाऊस हातरूण टाकूनच बसला असंल. इथंबी काय कमी न्हाय.

आण्णांच्या बाजाच्या पेटीचं पॉलिश अजून झालं न्हाय. मिरजेच्या डॉक्टरांनी गळ्याचं ऑपरेशन लगेच करा म्हणून सांगितलंय, ते तुला म्हाईत हाय. गाणं-बोलणं कायमचं जाईल, पण जीव राहील. आण्णांनी मात्र अट घातलीय. वर्षावास सुरू हाय तवर विहारात आपल्या पेटीवर एकदा गाणार, मगच मिरजेला. तीबी पॉलिश केल्याशिवाय न्यायची न्हाय. जन्मभर लोकांच्या पेट्या चमकवल्या, माझीच उघडीबोडकी नेऊ काय म्हणतात.

आण्णांगत लाखेचा चपडा फडक्यानं घासत बसलो तर दिवाळी उजाडंल, म्हणून मी लॅकर मारायला घेतला. पण या दमट हवेत तो वाळता वाळता पांढरा पडतोय, वर दुधाची साय धरल्यागत. किती डाव घासून काढला. खिडक्या बंद केल्या, मोठे बल्ब लावले, सावकाश वाळणारा थिनर आणला. हात मारून जेवायला जावं तवर आरशागत, परत येऊन बघावं तर पांढरं! आण्णा शेजारीच बसलेले असतात. म्हणतात, घाई करू नगं, पुन्हा घास. तिकडं डॉक्टर म्हणतात थांबू नका. माझं तर डोकंच चालंना झालंय.

आई बरी हाय. तुझी माया हाय तशी राहू दे.

तुझा,
प्रसेनजीत


राधानगरी,
१९ जुलै १९९८

चि. प्रसेनजीत यास,
आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. त्यात थिनर लई आणि आण्णा थोडे. अरे, आण्णा जेवतात का? गिळताना दुखतंय का? ते लिहायचं सोडून लॅकरचं पुराण कशाला सांगतोस? तुझे दाजी म्हणतात खोलीत शेगडी पेटवा. मी म्हटलं, थिनरजवळ शेगडी ठेवली तर पेटीबरोबर मेव्हणाबी चमकंल.

भाताची लावण चाललीय, म्हणून निघता येईना. चिखलात उभी असते, पण जीव तिकडं. रस्त्यानं पोस्टमन दिसला की रोपं टाकून बांधाकडं पळते.

एक विचारते, रागावू नको. एवढे पावसाळे गेले, आण्णांनी हातातली एकबी पेटी पांढरी पडू दिली न्हाय. मग शेजारी बसून तुला उपाय का सांगत न्हाईत? नुसतं पुन्हा घास, पुन्हा घास का म्हणतात? मला काय ते बरं वाटंना.

उलट टपाली लिही. बहिणीवरचा जीव कमी करू नको.

तुझी,
आक्का


उचगाव,
२५ जुलै १९९८

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून मला चैन पडंना. परवा लॅकरचा हात मारला, जेवायला जातो म्हणालो आणि दाराआड थांबलो. आण्णा उठले. पावसाच्या बाजूची खिडकी सताड उघडली आणि पेटीपाशी येऊन उभे राहिले. ओली हवा आत आली, तसं बघता बघता पॉलिश पांढरं पडत गेलं. ते नुसते बघत होते.

आधी डोस्कं फिरलं माझं. ताडकन आत गेलो. त्यांनी वळून बघितलं. सगळ्या गल्लीला दरडावणारा आपला बाप, ते बारक्या पोरागत म्हणाले, "मुकं होऊन जगायचं लई भ्या वाटतंय रं."

मी म्हणालो, "आण्णा, तुमच्या गाण्याबिगर आमचं भागंल. तुमच्याबिगर न्हाय भागायचं."

दोघंबी रडलो, तुझ्यापासून कशाला लपवू? मग पॉलिशसाठी सुटी केलेली पेटी तशीच पांढरी जोडली. काल विहारात न्हेली. आवाज फाटला, मधेच थांबले, पण गायले. कुणी उठलं न्हाय. सोमवारी मिरजेला भरती करायचंय. लावण राहू दे, तू ये.

तुझी वाट बघणारा,
प्रसेनजीत


उचगाव,
१२ सप्टेंबर १९९८

चि. आक्काताईस,
आण्णाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तू मिरजेहून गेलीस त्यानंतर आज पहिल्यांदा लिहायला बसलो. आजवर तुला पत्र म्हणून कधी लिहिलं न्हाय, निरोपावर भागवलं. आता मला हेच तोंड. अक्षराला हसू नको.

जखम भरत आली. पातळ भात जातोय. पहिले दिवस वाईट गेले, कशाला खोटं लिहू? तुझ्या आईला हाक मारायला तोंड उघडायचो आणि गळ्याच्या भोकातनं नुसती हवा यायची. कशाला वाचलो असं वाटायचं.

हल्ली प्रसेनजीत रोज पेटी घेऊन माझ्यासमोर बसतो. सूर चुकतो. मला ओरडता येत न्हाय, म्हणून मी पाटावर थाप मारतो. तो दुरुस्त करतो. पुन्हा चुकतो, मी पुन्हा थाप मारतो. मग पोरगं दात काढतंय. काल थाप मारून मारून हात दुखला, पण दिवस कसा गेला कळलं न्हाय.

लहानपणी त्याला मीच शिकवलं होतं. हे सूर त्याला झोपेतबी येतात. पोरगं मुद्दाम चुकतंय आक्का, आणि मी त्याला कळू देत न्हाय.

उत्तर लांबलचक लिही. बापाला विसरू नये.

तुझा,
आण्णा