क्षमेला पालकाची सही

गोर्ना लिपा,
३ फेब्रुवारी २०१४

चि. झोर्नित्सास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन करत नाही, कारण माझं एक वाक्य पुरं होईतो समोरचा माणूस फोन ठेवतो, आणि सख्खी मावसबहीण असून तू सर्वांच्या आधी. माझी जीभ आणि हात जन्मापासून सावकाश चालतात. टाइपरायटर बिचारा वाट बघतो.

बातमी अशी, की कामेन घर विकतोय. खालच्या दोन खोल्या बाबांनी माझ्या नावावर ठेवल्या, पण हा माझा धाकटा भाऊ कायद्यानं माझा पालक. माझ्या वतीनं तोच विकणार. मला डोंगरातल्या एका आश्रमात टाकायचं ठरलंय. तिथली हवा चांगली आहे आणि बुधवारी रव्याची खीर असते, असं तो स्वतः खाऊन आल्यासारखा सांगतो.

म्हणून पालकत्व रद्द करा असा अर्ज घेऊन मी न्यायालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझं नाव टॅक्सीवाल्या मित्कोला विचारलं. हिला काही समजतं का, हेही त्यालाच. तो म्हणाला, लांबच्या रस्त्यानं नेलं की लगेच समजतं. तरी बाईंनी अर्ज परत केला, कारण त्यावर पालकाची सही नव्हती. पालकाविरुद्धच्या अर्जावर पालकाची सही. मी विचारलं, चोरीच्या तक्रारीवर तुम्ही चोराची सही घेता का. त्या मित्कोला म्हणाल्या, बिचारी दमली वाटतं.

पालक नेमायच्या वेळी डॉक्टरांनी मला दोनच गोष्टी विचारल्या होत्या, लग्न का नाही झालं आणि भरल्या मिरच्या जमतात का. हात थरथरतो, भात सांडतो, असं मी खरं सांगून बसले. कामेनला अंडं उकडता येत नाही, त्याला मात्र कुणी पालक लावला नाही.

लोभ आहेच, तो तुझ्या फोनपेक्षा जरा जास्त टिकव.

तुझी,
नेवेनाअक्का

प्लोवदिव,
१२ फेब्रुवारी

ती. नेवेनाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मी फोन ठेवत नाही, तो कटतो. बरं, आमच्या गल्लीतल्या वकिलाला भेटले. सही लागतेच म्हणाला. वर एक सल्ला दिला, फुकट होता म्हणून कळवते. बाईनं न्यायालयात थोडं रडावं. मुळीच रडली नाही तर तिला मदतीची गरज काय, आणि फार रडली तर तिला अक्कल कुठली. थोडं म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाला, मिठासारखं, अंदाजानं.

कामेनलाही फोन केला. सगळं अक्काच्या भल्यासाठीच करतोय, म्हणून तो रडला. प्रमाण अगदी अचूक होतं.

मोठ्या उपासाआधीच्या क्षमेच्या रविवारी येणार होते, पण गुडघा सुजलाय, म्हणून हलवा पाठवते. कामेनला सरपंच व्हायचंय, तेव्हा पाद्रीबाबांसकट अर्धा गाव जेवायला बोलावलाय, असं तुझी भावजय लिल्याना सांगत होती. लोकांसमोर गोड वाग. तू गोड वागलीस की माणसं घाबरतात.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
झोर्नित्सा

गोर्ना लिपा,
४ मार्च

चि. झोर्नित्सास,
अ. उ. आ.

हलवा पोचला. फार गोड होता, मीही होते.

रविवारी अर्धा गाव टेबलाभोवती उभा. घरात थोरली मीच, तेव्हा रीतीप्रमाणे कामेन वाकला, माझा हात चुंबला आणि म्हणाला, अक्का, वर्षभरातलं चुकलंमाकलं माफ कर. आता मी देव क्षमा करो म्हणायचं आणि मंडळींनी बसायचं. मी आधी शाल सावरली. चीज भरलेली गरम बानित्सा निवायला लागली. दोरीला टांगलेली हलव्याची वडी तोंडानं पकडायला पोरं आ करून उभी.

मग मी सावकाश म्हटलं, कायद्यानं मला समज नाही, त्यामुळे माझी क्षमा धरता येत नाही. तिच्यावर पालकाची सही लागेल.

कामेन म्हणाला, अक्का, चेष्टा पुरे. पाद्रीबाबांना मात्र चेष्टा वाटली नाही. हिला समज नसेल तर तुला क्षमा मिळाली नाही, म्हणाले, आणि पापं अंगावर ठेवून मोठा उपास धरता येत नाही. समज असेल तर पालक कशाला? गाव कामेनकडे बघत होता आणि पाद्रीबाबा बानित्साकडे. मी शालीतून अर्ज काढला. लिल्याना म्हणाली, करा हो सही, चीज घट्ट होतंय.

त्यानं केली. मी देव क्षमा करो म्हटलं. देव करील. माझं मी अजून काही सांगितलेलं नाही.

गुडघ्याला जप, माझ्यावर लोभ धर, आणि पुढच्या वेळी हलवा जास्त पाठव.

नेवेनाअक्का

गोर्ना लिपा,
१७ एप्रिल

ती. झोर्नित्साताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्काकडून कळलंच असेल, तरी माझी बाजू कळवतो. न्यायाधीशांनी विचारलं, स्वतःविरुद्धच्या अर्जावर सही का केलीत. गावासमोर क्षमा अडली होती, हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, भूक लागली होती, कशावर सही करतोय ते कळलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, कशावर सही करतो ते न कळणारा माणूस दुसऱ्याचा पालक कसा?

मग अक्का बोलली. मधेच न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं, तर तिनं पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा कुणी पाहिलं नाही. पालकत्व संपलं, घराचा सौदा मोडला. मला रडू आलं, तर न्यायाधीश म्हणाले, सांभाळा, यांच्याकडे बघणारं घरी कुणी आहे का? अक्का म्हणाली, आहे, मी आहे.

आज ईस्टरची अंडी उकडून लाल रंगवायला तिनं मलाच बसवलंय. चार फुटली. ती शेजारी टाइपरायटर बडवतेय. काय लिहितेस विचारलं, तर म्हणाली, आश्रमाला विचारतेय, भाऊ ठेवून घेता का. त्याला रव्याची खीर आवडते.

लोभ असू द्या, ताई. सध्या मला तो जरा जास्त लागेल.

आपला धाकटा,
कामेन