उलटा तुकडा

७ जून

ति. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या रक्ताचा रिपोर्ट इथल्या डॉक्टरीणबाईंकडे पोचला. त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावलं. तुझ्या एका गुणसूत्राचा तुकडा तुटून उलटा जोडला गेलाय. हरवलं काहीच नाही, पण रक्त गोठवणारं जनुक नेमकं तिथेच दुभंगलं. हे आईकडून आलं. तिच्याकडे जोडीचं दुसरं गुणसूत्र धड आहे म्हणून तिला त्रास नाही; पुरुषात ते एकच असतं. माझ्यातही तो तुकडा असू शकतो, आणि मुलगा झाला तर त्याच्यात.

मला चौथा महिना आहे. तपासणी कर म्हणून हे मागे लागलेत. मी नाही म्हटलं. निघालं तर काय ठरवायचं? तुझ्यासारखं मूल नको, असं? मला ते जमायचं नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी, ठकी


१५ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी मला उलट्या काळजाचा म्हणते. काळीज ठीक आहे, तुकडाच उलटा आहे, हे तिला आज वाचून दाखवलं.

माझी ढाल करून तपासणी टाळू नकोस. मी जन्मलो तेव्हा कुणाला काही ठाऊक नव्हतं. चिमटा लावून ओढलं, डोक्यात रक्त साचलं, आई महिनाभर दवाखान्यात. आपला मामा तर दुधाचा दात पडल्याचं निमित्त होऊन गेला. तेव्हा औषध नव्हतं, आता आहे. माझा गुडघा आत रक्त साचून आखडलाय खरा, पण घड्याळं दुरुस्त करायला गुडघा लागत नाही.

काय ठरवायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला वाईट वाटेल म्हणून काही ठरवू नका. पण डोळे मिटून बाळंतपणाला जाऊ नकोस.

माया आहे, म्हणून इतकं तोंड वाजवलं.
तुझा, दादा


२४ नोव्हेंबर

ति. दादास, सा. न. वि. वि.

मुलगा झाला. तुझं ऐकून फक्त माझी तपासणी केली, पोटातल्या बाळाची नाही; माझ्यात तो तुकडा सापडला होताच, त्यामुळे सगळे तयारीत होते. चिमटा लावला नाही, औषध आणून ठेवलेलं होतं, तपासायचं रक्तही नाळेतूनच घेतलं. रिपोर्ट काल आला. त्यालाही तेच आहे. हे नर्सकडे गेले आणि सुई द्यायला कधी शिकवाल, असं विचारून आले.

जो तो विचारतो, बाळ कुणावर गेलंय? नाकडोळे यांचेच आहेत. पण आईला मी सांगितलं, दादामामावर गेलाय. ती आधी रडली. मग म्हणाली, म्हणजे तोंडाळही निघणार.

लोभात आता वाटेकरी आलाय, सांभाळून घे.
तुझी, ठकी